तान्ह्यांच्या आतड्यातला विषाणू: १९७३ ते २०१९

तान्ह्या लेकराला हगवण लागली की चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडच्या घरांत पहिला संशय दात येण्यावर जायचा, दुसरा पाण्यावर. पाण्यावरचा संशय बरेचदा खरा असे. पण विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकूनही हिवाळ्यात लेकरं ओकत, पातळ शौचाला जात आणि दिवसभरात त्यांचे डोळे खोल जात. यामागचं एक मोठं कारण १९७३मध्ये सापडलं. मेलबर्नमध्ये रुथ बिशप आणि सहकाऱ्यांना आजारी मुलांच्या लहान आतड्याच्या पेशींत रोटाव्हायरस दिसला.

जीव वाचवणारा उपाय त्याआधीच हाती आला होता. १९७१मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर-मिठाचं पाणी पाजून कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. रोटाव्हायरस आतड्याच्या पेशी मारतो, तरी साखरेसोबत मीठ-पाणी शोषण्याची ताकद बरीच शिल्लक राहते. म्हणून ओआरएस, म्हणजे हेच साखर-मिठाचं पाणी, इथेही तारतं.

लशीचं बीज दिल्लीच्या एम्समध्ये मिळालं. १९८५-८६च्या सुमारास डॉ. महाराज किशन भान यांच्या चमूला नवजात बाळांच्या शौचात रोटाव्हायरस आढळला, पण ती बाळं ठणठणीत होती. पुढेही त्यांना जोराची हगवण कमी झाली. या मानवी विषाणूत गुरांच्या रोटाव्हायरसचं एक जनुक आपसूक मिसळलेलं होतं. त्याच ‘११६ई’ वाणातून हैदराबादच्या भारत बायोटेकची रोटाव्हॅक लस घडली. २०११मध्ये सुरू झालेल्या तिच्या चाचणीत दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याकडची मिळून ६,७९९ बाळं होती. पहिल्या वर्षी रोटाव्हायरसच्या तीव्र हगवणीपासून सुमारे ५६ टक्के संरक्षण मिळालं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने उष्णता सोसणारी रोटासील लस आणली. चंद्रपूरच्या उन्हात या गुणाचं मोल फार आहे.

देशात रोटाव्हायरसने वर्षाला सुमारे ७८ हजार मुलं दगावतात, असा अंदाज होता. २०१६मध्ये चार राज्यांत आणि २०१९मध्ये महाराष्ट्रात रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात आली. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडावाटे डोस, तोही फुकट.

श्रीमंत देशांत अशा लशी त्या ५६ टक्क्यांहून बऱ्याच जास्त गुणकारी ठरतात. आपल्याकडे कुपोषण आणि बाळाच्या आतड्यात आधीच ठाण मांडलेले इतर जंतू लशीचं बळ कमी करत असावेत. म्हणून तिन्ही डोस चुकवू नयेत, आणि त्यासोबत बाळाला अंगावरचं दूध मिळणं व शुद्ध पाणी, ओआरएस, झिंक प्रत्येक पाड्यावर पोचणं ही आपली जबाबदारी आहे. लशीने अर्धी लढाई जिंकली, उरलेली गावात लढायची आहे.