मोठ्या स्वयंपाकघराचे इंधन : हिशेब कसा मांडावा?

आपल्या बडोद्यातल्या मराठी कुटुंबांपैकी कोणी खानावळ चालवते, कोणी ऑर्डरप्रमाणे फराळ करून देते, आणि गणेशोत्सवात महाप्रसादाचा भार तर सगळेच उचलतात. बँकेत अशा व्यवसायांचे कर्ज-अर्ज तपासताना एक गोष्ट नेहमी दिसायची. डाळ-तांदूळ आणि तेलाचा हिशेब पैशापैशाचा असे. इंधन मात्र ‘इतर खर्च’ या सदरात ढकललेले असे. हे सदर जरा उघडून पाहू.

इंधनाचा किलोचा भाव म्हणजे त्याची खरी किंमत नव्हे. जळणाऱ्या इंधनातली किती उष्णता पातेल्यापर्यंत पोचते, त्यावर खर्च ठरतो. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १ किलोकॅलरी लागते. म्हणजे १०० लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यासाठी साधारण ७,००० किलोकॅलरी लागतात. त्यासाठी अंदाजे लागणारे इंधन असे :

- उघड्या चुलीवर लाकूड : १३ किलो (सुमारे ८५ टक्के उष्णता वाया)
- एलपीजी : १.२ किलो
- नळाचा गॅस (पीएनजी) : १.५ घनमीटर
- इंडक्शन : साडेनऊ ते दहा युनिट वीज

शेगडी आणि भांड्यानुसार आकडे थोडे बदलतील. यांना आपापल्या आजच्या दराने गुणा, म्हणजे खरी तुलना हाती येईल. लाकूड वाटते तितके स्वस्त पडत नाही, शिवाय धूर आणि आचाऱ्याचे डोळे यांची किंमत वेगळीच.

एलपीजी : मैदान असो वा भाड्याचा हॉल, कुठेही नेता येतो, म्हणून समारंभांना सोयीचा. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा, घरगुती १४.२ किलोचा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर जमिनीलगत साचतो. तळघरात सिलिंडर ठेवू नये. सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा. १०० किलोपेक्षा जास्त साठ्याला परवाना लागतो, म्हणजे १९ किलोचे पाचच सिलिंडर मर्यादेत बसतात.

पीएनजी : बडोद्यात नळाचा गॅस १९७० च्या दशकापासून आहे, त्यामुळे आपल्याला तो नवा नाही. सिलिंडरमध्ये पैसा अडकत नाही, मीटरप्रमाणे बिल येते. हा हवेपेक्षा हलका, गळती झाल्यास वर जातो. म्हणून वरचे वायुवीजन मोकळे हवे. एलपीजीची शेगडी तशीच जोडू नये, जेट बदलून घ्यावे लागतात. एकाच जागी रोज चालणाऱ्या खानावळीला हा उत्तम.

वीज : इंडक्शनवर उष्णता कमी वाया जाते, स्वयंपाकघरही तापत नाही. पण मंजूर वीजभार वाढवून घ्यावा लागतो, आणि आपली पितळेची व ॲल्युमिनियमची पातेली त्यावर चालत नाहीत. फुलका फुगवायला ज्योतच लागते.

वाफ : रोज हजारो पाने उठतात तिथे बॉयलरची वाफ परवडते. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ साली ७३ सौर तबकड्यांवर वाफ तयार करणारी यंत्रणा बसवली गेली. आपल्या आकाराच्या कामाला एवढा पसारा नको.

आता मुद्द्याची गोष्ट. पैसे वाचवण्यासाठी घरचा सिलिंडर खानावळीत किंवा महाप्रसादाला लावण्याची पद्धत अजूनही दिसते. घरगुती सिलिंडरवर जीएसटी ५ टक्के, व्यावसायिकवर १८ टक्के, म्हणून मोह होतो. परंतु सन २००० च्या एलपीजी नियमन आदेशानुसार घरगुती सिलिंडरचा असा वापर बेकायदा आहे. तपासणीत माल जप्त होऊ शकतो. त्याहून गंभीर म्हणजे, दुर्घटना घडली तर विम्याचा दावा अडचणीत येतो, आणि भरपाईची जबाबदारी थेट चालकावर किंवा मंडळाच्या पदाधिकाऱ्यांवर येऊ शकते. सिलिंडरमागे वाचणारे काही शेकडा रुपये एका बाजूला आणि आयुष्यभराची पुंजी दुसऱ्या बाजूला, असा हा सौदा आहे.

तेव्हा पुढच्या अंदाजपत्रकात इंधनाला स्वतंत्र रकाना द्या आणि त्यात व्यावसायिक दरच धरा. शंभर पानांमागे किती गॅस लागला, याची नोंद दोन-तीन कार्यक्रमांत ठेवली की पानामागचा इंधनखर्च आपोआप कळेल आणि दरही नीट सांगता येईल.