टेम्पोचा ईसीएम चोरीला गेला तर...



आता बऱ्याच बचत गटांकडे स्वतःची गाडी आली आहे. कुणाचा भाजीचा टेम्पो, कुणाची दुधाची पिकअप. अख्खी गाडी चोरीला गेली तर पोलिसांत जायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण गाडी जागेवर आहे, चाकं आहेत, बॅटरी आहे, टाकीत डिझेल आहे आणि तरी ती सुरू होत नाही, असं झालं तर? रात्रीत कुणीतरी तिचा ईसीएम काढून नेलेला असू शकतो. ट्रक-टेम्पोवाल्यांना या चोरीची चांगलीच धास्ती असते. म्हणून आज त्याबद्दल बोलू.

आधी ईसीएम म्हणजे काय ते बघू. जुन्या डिझेल गाडीत इंधनाचा पंप नुसत्या यंत्रावर चालायचा. मिस्त्री पाना घेऊन तो कमी-जास्त करून द्यायचा. त्यालाच आपण गाडी ट्यून करणं म्हणायचो. नव्या गाडीत हे काम एक छोटी पेटी करते. वहीएवढा तिचा आकार आणि तिला वायरींचे जाड जुडगे जोडलेले. इंजिन किती तापलंय, हवा किती येतेय, ॲक्सिलरेटर किती दाबलाय, हे सेन्सर तिला सांगतात. त्यावरून डिझेल कधी आणि किती फवारायचं हे ती पेटी ठरवते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ चे नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्या या पेटीशिवाय सुरूच होत नाहीत. तिला इंजिनाचा मेंदू म्हणतात ते काही खोटं नाही.

मग चोर हीच पेटी का नेतात? एक तर ती महाग असते. दुसरं, ती लहान आहे, पिशवीत मावते. काही गाड्यांत ती इंजिनाच्या बाजूला किंवा केबिनच्या खाली असते, बाहेरून हात पोचतो. आणि तिसरं कारण नीट ऐका. इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर आपल्या आरसी बुकात असतात, पण ईसीएमचा नंबर त्यात नसतो. त्यामुळे बाजारात गेलेली पेटी कुणाची, हे सिद्ध करणं अवघड जातं. हे लक्षात ठेवा, पुढे याचा उपयोग आहे.

आता समजा, सकाळी गाडी सुरू होत नाही आणि वायरी कापलेल्या दिसल्या. काय करायचं?

पहिलं, गाडीला हात लावू नका. सारखी चावी फिरवून बघू नका. वायरी जोडून बघतो असं कुणी म्हणालं तरी करू देऊ नका. कापलेल्या वायरी, रिकामी जागा, गाडीचा नंबर आणि आजूबाजूचा परिसर यांचे मोबाइलवर फोटो काढा. जवळपास कॅमेरा असेल तर मालकाला त्या रात्रीचं चित्रण जपून ठेवायला सांगा. बऱ्याच कॅमेऱ्यांत जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

दुसरं, त्याच दिवशी पोलिसांत तक्रार द्या. चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येतो. "नुसता पार्ट गेलाय, अर्ज देऊन जा," असं कुणी सांगितलं तर एफआयआरच मागा. गाडी परगावी असेल आणि हद्दीचा प्रश्न निघाला, तरी कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे लिहिलेलं आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो आपला हक्क आहे. ठाण्यात नोंद करून घेतलीच नाही, तर सगळी हकिगत लिहून पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. ठाण्यात जाताना एकटीने जाऊ नका. अध्यक्ष, सचिव आणि गाडीचा चालक असे मिळून जा.

तिसरं, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. फोन करा आणि लेखीही द्या. कंपनीचा सर्व्हेअर गाडी बघून जाईपर्यंत दुरुस्ती करू नका. कळवायला उशीर झाला म्हणून घाबरून दावाच सोडून देऊ नका. २०२० साली एका ट्रॅक्टरचोरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की, पोलिसांत तक्रार ताबडतोब दिलेली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येणार नाही.

पण विमा कुठला आहे, ते आजच बघा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर या चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. तो विमा आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठी असतो. सर्वसमावेशक विमा असेल तर दावा करता येतो. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत मात्र एक बारीक अट असते. गाडी न जाता नुसतं जोडसामान गेलं, तर भरपाई नाही. जोडसामान म्हणजे टेप, जादा दिवे वगैरे. ईसीएम हे जोडसामान नाही, तो इंजिन चालवणारा मूळ भाग आहे. त्याच्याशिवाय गाडी चालत नाही, हे दाव्याच्या अर्जात स्पष्ट लिहा आणि गॅरेजकडून तसं पत्र घेऊन जोडा. भरपाई मिळाली तरी गाडीच्या वयानुसार घसारा कापला जातो, आणि बुडालेल्या फेऱ्यांचे पैसे मिळत नाहीत, हेही धरून चाला. दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जा. तिथे भागलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्या राज्यात मुंबई आणि पुण्यातही त्यांची कार्यालयं आहेत. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

आता सगळ्यात अवघड गोष्ट सांगतो. आमच्या प्रभागातल्या एका गटाचा टेम्पो रात्री भाजी मार्केटबाहेर उभा होता आणि पहाटे ईसीएम गेलेला. गॅरेजवाल्याने नव्याचा खर्च ५०,००० रुपयांच्या आसपास सांगितला, वर आठ-दहा दिवस थांबा म्हणाला. दुपारी ओळखीतल्या एकाकडून निरोप आला, "जुना ईसीएम आहे, १५,००० मध्ये आजच बसवून देतो. फक्त बिल मागू नका."

संध्याकाळी गटाची बैठक बसली. एकजण म्हणाली, "बाई, बँकेचा हप्ता दहा तारखेला आहे. आपलंही चोरीलाच गेलंय ना? मग आपण काय पाप करतोय?" तिचं म्हणणं आम्हाला परकं वाटलं नाही. शेतातली मिरची थांबत नाही, बँक थांबत नाही. तेवढ्यात दुसरी म्हणाली, "हा १५,००० चा कुणाच्या टेम्पोतून काढलाय? त्यांचाही हप्ता असेलच की." त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

गटाने तो ईसीएम घेतला नाही. ग्रामसंघाला सांगून एक महिना हप्त्याची सोय केली आणि आठवडाभर भाड्याचा टेम्पो लावला. विम्याचे पैसे दोन महिन्यांनी आले, तेही घसारा कापून. चोर सापडला नाही. त्या महिन्यात गटाला तोटाच झाला, हे आम्ही लपवत नाही.

तरीही तो निर्णय शहाणपणाचा होता. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून तो घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बिल नाही आणि भाव निम्म्याहून कमी, हेच तर संशयाला कारण. शिवाय दुसऱ्या गाडीचा ईसीएम बऱ्याचदा जसाच्या तसा चालत नाही. त्यात आपल्या गाडीप्रमाणे प्रोग्रॅम भरावा लागतो. तो नीट नसला तर गाडी धूर सोडते, डिझेल जास्त खाते नाहीतर बंदच पडते. म्हणजे आगीतून फुफाट्यात. आणि चोर ईसीएम नेतात ते विकायलाच. घेणारं गिऱ्हाईक नसेल तर ते कशाला काढतील? आज आपण घेतला, तर उद्या पुन्हा आपल्याच गाडीखाली कुणीतरी शिरेल.

म्हणून पुढच्या बैठकीत चार कामं करा.

एक, गॅरेजमध्ये जाऊन ईसीएम कुठे आहे ते बघा. त्यावरच्या चिकटपट्टीचा, नंबर वाचता येईल असा फोटो काढा आणि तो नंबर गटाच्या वहीत लिहा. आरसी बुकात नाही ते आपल्या वहीत असू द्या. एफआयआरमध्ये हाच नंबर द्यायचा.

दोन, पेटीवर न पुसणाऱ्या रंगाने गाडीचा नंबर टाका. भोक पाडू नका, कोरू नका.

तीन, पेटी बाहेरून हाताला लागत असेल तर तिच्यावर लोखंडी जाळी बसवून घ्या. आपल्या गाडीला ती चालेल का, हे आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

चार, मुक्कामाची जागा ठरवा. उजेड आणि माणसांची ये-जा असलेली जागा बघा, आणि पेटीची बाजू भिंतीला लागेल अशी गाडी लावा. पैसे देऊन लावली तर पावती घ्या.

आणि विम्याची पॉलिसी कपाटातून काढून बैठकीत मोठ्याने वाचा. ज्या ओळी समजणार नाहीत त्यांच्यावर खूण करून आम्हाला दाखवा. आपण मिळून विचारून घेऊ.