एकाच आईची पिल्लं, एक ओढ्यात, एक समुद्रात

अभ्यासवर्गात जातीचा विषय निघाला की "शेवटी सगळं जीन्समध्येच असतं" हे वाक्य आम्हाला हमखास ऐकू येतं. जाती म्हणजे वेगवेगळे वंश नव्हेत, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडलं. त्यासाठी माशाच्या साक्षीची गरज नाही. पण जीन्स काय करतात आणि काय करत नाहीत, हे एका माशावरून छान कळतं.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओढ्यांत रेनबो ट्राउट जन्मभर राहतो. त्याच ओढ्यात जन्मलेला स्टीलहेड समुद्रात जातो, थोराड होतो आणि अंडी घालायला परत येतो. नावं दोन, पण प्रजाती एकच. दोघांचा आपसात संकर होतो. ट्राउटच्या पोटी स्टीलहेड निपजतो आणि स्टीलहेडच्या पोटी ट्राउट.

मग कोण जाणार, हे रक्तातच ठरतं का? जनुकांचा वाटा आहे, तो नाकारायचं कारण नाही. काही माशांत एका गुणसूत्राचा मोठा तुकडा उलटा बसलेला असतो आणि त्याचा स्थलांतराशी संबंध आहे. पण नर आणि मादीत त्याचा परिणाम सारखा होत नाही. पाणी किती थंड, खाणं किती, अंगात चरबी किती, यावरही बरंच अवलंबून असतं. माद्या जास्त संख्येने जातात, कारण मोठ्या अंगात अंडी जास्त. धम्माच्या भाषेत सांगायचं तर हेतू आणि प्रत्यय, दोन्ही लागतात.

वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीवर १९१३ आणि १९२७ मध्ये धरणं पूर्ण झाली. माशांना वर जायला वाटच ठेवली नव्हती. काठावरच्या क्लॅलम आदिवासींची मासेमारी बुडाली. धरणं हटवावीत म्हणून ते अनेक दशकं लढले आणि २०११ ते २०१४ दरम्यान ती पाडली गेली. जवळपास दिसेनासा झालेला उन्हाळी स्टीलहेड नदीत पुन्हा आला. तपासणीत त्याच्यात धरणाच्या वर अडकलेल्या ट्राउटचा वंश सापडला. शंभरेक वर्षं समुद्राची वाट बंद होती, तरी समुद्रात जायची क्षमता त्या "घरकोंबड्या" माशांनी जपली होती.

कायदा मात्र नाव बघतो. २००६ पासून अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात धोक्यातल्या स्टीलहेडचं संरक्षण फक्त समुद्रात जाणाऱ्या माशांपुरतं आहे. त्याच ओढ्यातला ट्राउट, अगदी सख्खा भाऊ असला तरी, त्या यादीत नाही. इतर नद्यांत धरणांच्या वर अडकलेले ट्राउटही नाहीत.