पोच घेतली का?

पंचायत समितीच्या आवक-जावक टेबलावर एक लांबट रबरी शिक्का असतो. वर कार्यालयाचे नाव, खाली आवक क्रमांक आणि तारखेसाठी मोकळी टिंबे. शेजारी जांभळ्या शाईचे पॅड, बहुधा अर्धे वाळलेले. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर हा शिक्का उमटला, टिंबांवर आकडे भरले आणि कारकुनाने खाली सही केली की त्या कागदाला पोच म्हणतात. अर्ज कचेरीत पोहोचल्याचा एवढाच पुरावा माणसाच्या हाती राहतो. नळाला पाणी नाही, घरकुलाचा हप्ता अडला, जन्माची नोंद चुकली, गटार तुंबले, अशा हजार तक्रारींचे पुढे काय होणार हे पुष्कळदा त्या जांभळ्या शिक्क्यावर ठरते.

नंदुरबार जिल्ह्यात तर फारच. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यांत दहातले सात जण आदिवासी. साक्षरता सुमारे 64 टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. सातपुड्यातल्या पाड्यावरचा माणूस चांदसैली घाट उतरून जिल्ह्याच्या गावी येतो तेव्हा त्याची एका दिवसाची मजुरी बुडालेली असते आणि गाडीभाडे वेगळेच. त्याला ‘साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या’ असे सांगणे म्हणजे दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडवणे. तिसऱ्या खेपेला ‘तुमचा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही’ हे वाक्य ऐकू येते. पोच नसेल तर या वाक्याला उत्तर नसते.

कचेऱ्यांकडून उत्तर मागण्यासाठीच महाराष्ट्राने लोकायुक्त नावाची संस्था उभी केली, तिला आता पन्नास वर्षे उलटून गेली. कल्पना जुनीच: 1809 साली स्वीडनने राजाच्या कारभाऱ्यांवर नजर ठेवणारे ‘ओम्बुड्समन’ हे पद निर्माण केले. आपल्याकडे 1966 मध्ये प्रशासकीय सुधारणा आयोगाने केंद्रात लोकपाल आणि राज्यांत लोकायुक्त असावेत अशी शिफारस केली. केंद्राचा लोकपाल यायला 2019 उजाडले. महाराष्ट्राने मात्र 1971 मध्येच लोकायुक्त व उपलोकायुक्त कायदा केला आणि 25 ऑक्टोबर 1972 पासून कामाला सुरुवात केली. ही संस्था प्रत्यक्ष सुरू करणारे हे देशातले पहिले राज्य. कार्यालय मुंबईत, मंत्रालयासमोरच्या नवीन प्रशासन भवनात.

लोकायुक्त म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर भ्रष्टाचार येतो, मंत्री येतात. 1971 च्या कायद्याने तक्रारीचे दोन प्रकार केले आहेत. एक अभिकथन, म्हणजे पदाचा गैरवापर आणि भ्रष्टाचाराचा आरोप. दुसरे गाऱ्हाणे. मला हा दुसरा शब्द फार मोलाचा वाटतो. देवळात, पंचासमोर, माहेरी आईजवळ जे सांगतात ते गाऱ्हाणे. तोच शब्द कायद्याच्या पुस्तकात बसला आणि त्याला अर्थही नेमका मिळाला: गैरकारभारामुळे आपल्यावर अन्याय झाला किंवा नाहक त्रास सोसावा लागला, हे माणसाचे म्हणणे. गैरकारभारात निष्काळजीपणा आणि अवाजवी विलंबही येतो. म्हणजे कुणी लाच मागितली हे सिद्ध करायची गरज नाही. आठ महिने कुणी काहीच केले नाही, एवढे पुरते. गावखेड्यातल्या कचेऱ्यांत त्रास होतो तो मुख्यतः याच न करण्याचा.

जिल्हा परिषद आणि नगरपरिषदांचा कारभार लोकायुक्तांच्या कक्षेत येतो. नंदुरबार, शहादा, नवापूर, तळोदा या नगरपरिषदा किंवा धडगावची नगरपंचायत, यांच्या कारभाराविषयी गाऱ्हाणे मांडायला वकील लागत नाही, कोर्ट फी नाही. ठरलेल्या नमुन्यात तक्रार, सोबत प्रतिज्ञापत्र आणि आधी केलेल्या अर्जांच्या प्रती. जिथे न्यायाधिकरणाचा किंवा कोर्टाचा मार्ग खुला आहे अशा प्रकरणात लोकायुक्त सहसा पडत नाहीत. नोकरीतल्या बदल्या-बढत्यांची भांडणेही नाहीत. पण निवृत्त शिक्षकाचे अडलेले पेन्शन, ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी हे विषय चालतात.

तक्रार दाखल झाली की संबंधित खात्याकडून अहवाल मागवला जातो. इथेच खरी गंमत घडते, आणि गंमत हा शब्द मी आनंदाने वापरतो. ज्या अर्जाला कारकुनाने उत्तर दिले नव्हते, त्यावर आता मुख्याधिकाऱ्याला किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला लेखी म्हणणे मांडावे लागते. फाईल शोधावी लागते. खुलासा अपुरा वाटला तर सुनावणी. चौकशीत साक्षीदारांना बोलावण्याचे, शपथेवर जबाब घेण्याचे, कागद हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार लोकायुक्तांना आहेत. पुष्कळ गाऱ्हाणी सुनावणीच्या आधीच सुटतात असे या वाटेने गेलेले लोक सांगतात, आणि ते पटण्यासारखे आहे. ‘आमची चूक झाली’ असे लिहून देण्यापेक्षा हप्ता जमा करणे कुणालाही सोपे.

मात्र लोकायुक्त शिफारस करतात, हुकूम देत नाहीत. अन्याय अमुक रीतीने, अमुक मुदतीत दूर करा असे सांगतात. मुदत संपल्यावर महिन्याभरात काय केले ते कळवणे बंधनकारक. ऐकले नाही तर राज्यपालांना विशेष अहवाल, आणि तो स्पष्टीकरणासह विधिमंडळापुढे. यावर ‘दात नसलेला वाघ’ ही टीका वर्षानुवर्षे होते. टीका खोटी नाही. शिफारस न पाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशाला थेट चाट बसायला हवी, असे माझेही मत आहे. पण दंड करणाऱ्या न्यायालयात पाड्यावरचा माणूस किती वेळा पोहोचतो? लेखी उत्तर भाग पाडणे ही लहान ताकद नाही.

अण्णा हजारे यांनी 2019 च्या जानेवारीअखेर राळेगणसिद्धीत उपोषण केले, त्यानंतर नव्या लोकायुक्त कायद्याची तयारी झाली. डिसेंबर 2022 मध्ये विधानसभेने आणि डिसेंबर 2023 मध्ये विधान परिषदेने विधेयक मंजूर केले. चर्चा सगळी मुख्यमंत्री कक्षेत येणार या एका मुद्द्याभोवती फिरली. गाऱ्हाण्याबद्दल फारसे कुणी बोलले नाही, याची मला खंत आहे.

मुंबई नंदुरबारहून चारशे किलोमीटरहून लांब. तिथवर जाण्याआधीच्या पायऱ्या जवळ आहेत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखले-नोंदींना मुदत घातली, वरच्या वर अपिले दिली. कारणाशिवाय उशीर करणाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. या कायद्याखालच्या आयोगाचे विभागीय आयुक्त नाशिकला बसतात.

तक्रारीसाठी स्वतंत्र संस्था ही नंदुरबारला नवलाईची गोष्ट नाही. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्राणी आणि अक्कलकुव्याची 33 गावे आली, तेव्हा विस्थापितांसाठी निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण प्राधिकरण नेमले गेले. सर्वोच्च न्यायालयाने 18 ऑक्टोबर 2000 च्या निकालात धरणाची उंची वाढवण्याआधी अशा प्राधिकरणांचा विचार घ्यायला सांगितले. ‘मला जमीन मिळाली नाही’ हे एका माणसाचे गाऱ्हाणे धरणाच्या भिंतीशी जोडले गेले. पुनर्वसनात कसूर राहिलीच, पण तक्रार कागदावर ठेवायची, प्रत जपायची, पुन्हा विचारायचे ही शिस्त नर्मदाकाठच्या लोकांनी तेव्हापासून अंगी बाणवली.

एक अडचण मात्र कुठल्याच कायद्याने सोडवलेली नाही. पावरी किंवा भिली बोलणारी बाई आपले दुःख सांगते, दुसराच कुणी ते मराठीत उतरवतो. ‘आपणांस याद्वारे विनंती करण्यात येते की’ अशा भाषेत तिने चालत काढलेले दहा कोस, हातपंपाशी झालेला अपमान, सगळे गळून पडते. उरतो फक्त विषय आणि संदर्भ. मग सुनावणीत तिला विचारले जाते, आणि तिला प्रश्नच कळत नाही.

म्हणून लोकायुक्त कार्यालयाला एक विनंती. वर्षातून एकदा नंदुरबारला बसा, शक्य तर धडगावला, पावरी आणि भिली जाणणारा माणूस शेजारी घेऊन. आणि अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला एक सांगणे. दोन प्रती न्या, शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. 1971 च्या कायद्यात गाऱ्हाण्याला मुदत बारा महिन्यांची आहे, आणि ती अन्याय कळल्याच्या दिवसापासून मोजली जाते.