आयर्व्हिंग यांनी बोलकी केलेली दख्खन

आळेफाट्याहून नगरकडे जाताना आणे घाटात, रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यावर लाव्ह्याचे थर नीट दिसतात. जुन्या चुंबकत्वाचा अभ्यासक नमुना घेईल तो असल्याच ताज्या कापातून. पठारावर उघड्या पडलेल्या खडकांवर युगानुयुगं विजा कोसळलेल्या असतात आणि विजेने दगडातली मूळ नोंद बिघडते. नमुन्याची दिशाही तो सूर्याच्या सावलीवरून ठरवतो, कारण या काळ्या पाषाणाजवळ होकायंत्राचा भरवसा नाही.

दख्खनच्या पाषाणाला ‘तू घडलास तेव्हा कुठे होतास?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारणाऱ्यांत एडवर्ड आयर्व्हिंग होते. १९५१ साली ते केंब्रिजमध्ये संशोधक विद्यार्थी होते आणि खंड सरकतात हे वेगेनरचं म्हणणं बहुतेक भूशास्त्रज्ञांना मान्य नव्हतं. लाव्हा निवताना त्यातले लोहखनिजाचे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. ती दिशा जमिनीशी जितकी तिरकी, तितकी ती जागा तेव्हा विषुववृत्तापासून दूर. यातून अक्षांश कळतो, रेखांश कळत नाही. म्हणून आयर्व्हिंगनी भारत निवडला. वेगेनर खरा असेल, तर आपली भूमी दक्षिणेकडून उत्तरेला फार लांब आलेली असणार. ही निवड मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांचं प्रोत्साहन मिळालं, दख्खनचे नमुने केंब्रिजला पोचले आणि मापं वेगेनरच्या बाजूने आली.

तरीही १९५४ मध्ये केंब्रिजने त्यांचा प्रबंध नाकारला. आयर्व्हिंग ऑस्ट्रेलियाला गेले. १९५६ मध्ये त्यांनी वेगवेगळ्या खंडांच्या खडकांवरून काढलेले चुंबकीय ध्रुवाच्या सरकण्याचे मार्ग एकमेकांशी जुळत नसल्याचं दाखवलं. जुळवायचे तर खंडच सरकवावे लागत होते.

इकडे त्याच सुमारास क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खन पुन्हा मोजली. मग डॉइच यांच्याबरोबर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी हे काम पुढे नेलं. सहस्रबुद्ध्यांविषयी मराठीत इतकं कमी लिहिलं गेलं, ही खंत आहे. आज हिशेब असा मांडतात: सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ही भूमी ३० अंश दक्षिणेच्या आसपास होती. तिथून ती पाच हजार किलोमीटरहून जास्त उत्तरेला आली, डावीकडे वळतही आली.

सह्याद्रीच्या घाटांतले पुष्कळसे थर पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते त्या काळातले निघाले. १९८६ मध्ये कुर्तियो आणि सहकाऱ्यांनी याच नोंदीवरून, बहुतेक लाव्हा थोडक्या काळात, डायनोसॉर संपले त्या सुमारास वाहिला असं मांडलं आणि तो वाद आजही तापलेला आहे. आयर्व्हिंग तोवर कॅनडात स्थायिक झाले होते. १९७९ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केलं होतं. २०१४ साली ते गेले.