एका थेंबाची करामत

रमजानचा चाँद दिसायला दोन दिवस बाकी होते. नवे सिलिंडर आले, घरातल्या मुलाने रेग्युलेटर लावून दिले आणि मी कढई चढवायला निघाले. अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी हात धरला. "थांब, आधी फेस लावू दे." वाटीभर पाण्यात त्यांनी भांडी घासायचे लिक्विड चमचाभर घातले, हलवले आणि जुन्या ब्रशने तो फेस रेग्युलेटरला आणि नळीच्या दोन्ही तोंडांना लावला. शेगडीच्या बाजूला नळीच्या जोडावर एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. वास कुणालाच आला नव्हता, कारण फोडणीच्या आणि तळणाच्या वासाने स्वयंपाकघर भरलेले होते. अम्मींनी रेग्युलेटर बंद केले, खिडक्या उघडल्या. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने नळी बदलली तेव्हा जोडाजवळ बारीक चीर निघाली. त्याच खोलीत दुपारी माझा धाकटा झोपतो.

त्या दिवसापासून सिंकजवळच्या त्या बाटलीकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले.

हा थेंब काय करतो?

पूर्वी आपल्याकडे भांडी राखेने आणि नारळाच्या काथ्याने घासत, तांब्या-पितळेला चिंच लावत, आणि कल्हईवाला गल्लीत आला की देगच्या बाहेर काढत. रेशमी कपडे रिठ्याच्या पाण्यात धूत. रिठ्याचा फेस आणि लिक्विडचा फेस, दोघांचे काम एकच. फेस देणाऱ्या घटकाच्या प्रत्येक कणाला दोन टोके असतात. एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. तेलाला विळखा घालून हे कण त्याला पाण्याबरोबर वाहून नेतात. दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर जो ताण असतो, तो हे कण सैल करतात. पुढचे बहुतेक उपयोग या दोन गोष्टींतूनच निघतात.

बोअरच्या जड पाण्यात साध्या साबणाचा फेस होत नाही, उलट पांढरा चिकट साका बसतो. भांड्यांचे लिक्विड अशा पाण्यातही काम करते.

कपडे, टोपी आणि जायनमाज

आपल्या शहरात नान-कलिया आवडीने खातात. दावत झाली की दस्तरखानावर आणि पांढऱ्या कुर्त्यावर तर्रीचे ठिपके ठरलेलेच. कपडा भिजवण्याआधी कोरड्या डागावर लिक्विडचा एक थेंब ठेवा, बोटाने हलके चोळा, दहा मिनिटे थांबा आणि मग नेहमीसारखा धुवा. तूप-तेल सुटते. हळद मात्र सुटत नाही. साबण लागला की हळदीचा डाग लालसर होतो, पण घाबरू नका. क्षार लागला की हळदीचा रंग असाच बदलतो. धुतलेला पांढरा कपडा कडक उन्हात वाळवा, ऊन त्या डागाला फिके करते.

हाच उपाय टोपीच्या आतल्या घामट पट्टीला, कुर्त्याच्या कॉलरला आणि तेलात मुरवलेल्या अत्तराच्या डागालाही चालतो. जायनमाजवर कपाळ टेकते तिथे केसांच्या तेलाचा काळपट गोल पडतो. ओल्या फडक्यावर एक थेंब घेऊन तेवढाच भाग पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने दोनदा पुसून सावलीत वाळवा. अख्खी जायनमाज भिजवायची गरज नाही.

हिमरूची शाल आणि पैठणी यांना मात्र हा प्रयोग करू नका. हिमरूत सुताबरोबर रेशीम असते, पैठणीत रेशीम आणि जर. दोन्ही जाणकार ड्रायक्लीनरकडेच द्या.

घरभर

• कंगवे आणि केसांचे ब्रश कोमट पाण्यात दोन थेंब टाकून अर्धा तास ठेवा, तेलाचा थर आपोआप मोकळा होतो.

• चष्म्याच्या काचेवर एक थेंब चोळून धुवा आणि मऊ सुती कापडाने टिपा. पदराने किंवा ओढणीने कोरडी काच पुसली तर धुळीने ओरखडे पडतात.

• आंब्याच्या दिवसांत चिलटे फार होतात. वाटीत थोडे व्हिनेगर आणि एक थेंब लिक्विड ठेवा. वासाने चिलटे येतात आणि पाण्याचा ताण सैल झाल्याने वर टेकू शकत नाहीत, बुडतात.

• मुंग्यांची रांग ज्या वाटेने येते ती वाट लिक्विडच्या पाण्याने पुसा. त्या वासाच्या मागावर चालतात. माग पुसला की रांग मोडते.

• जास्वंदीवर किंवा कढीपत्त्यावर मावा, पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात छोटा चमचाभर लिक्विड मिसळून संध्याकाळी फवारा. औषध किडीच्या अंगावर पडले तरच उपयोग होतो, म्हणून पानांच्या मागच्या बाजूलाही मारा. आधी एका पानावर करून पाहा, पान करपले नाही तर पुढे जा. काही तासांनी झाड साध्या पाण्याने धुऊन घ्या. कढीपत्ता स्वयंपाकात घेण्याआधी पुन्हा नीट धुवा.

गॅसची तपासणी

नवे सिलिंडर लावले की आणि मधूनमधूनही ही तपासणी करा. शेगडीची सर्व बटणे बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा आणि जोडांवर फेस लावा. काडी पेटवून गळती शोधण्याचा वेडेपणा कधीही करू नका. बुडबुडे फुगले तर रेग्युलेटर बंद करून वितरकाला कळवा. नळीवर छापलेले साल पाहा आणि मुदत संपली असेल तर बदलून घ्या.

गॅसचा वास येत असेल तर मात्र तपासणी करत बसू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा. दिव्याचे किंवा पंख्याचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नका, कारण तेवढीही ठिणगी पुरते. मुलांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून 1906 या हेल्पलाइनवर फोन करा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो.

इथे नको

कपड्यांच्या वॉशिंग मशीनमध्ये हे लिक्विड घालू नका, फेस बाहेर येतो आणि मशीन बिघडू शकते. बाळाच्या अंगाला, केसांना आणि फळभाज्यांना लावू नका. टॉयलेटचे अॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो. त्यामुळे सफाईच्या कोणत्याही दोन बाटल्या एकत्र करायच्या नाहीत, असा नियमच ठेवा. शरबताच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत लिक्विड भरू नका, मुले फसतात.

पिण्याच्या पाण्याच्या पिंपातही लिक्विड टाकू नका. पाणी साठवले की डेंग्यूच्या डासाला घर मिळते हे खरे, पण त्यावर उपाय वेगळा आहे. पिंप घट्ट झाका आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडे करा.

थेंब आणि घागर

मलिक अंबरने सतराव्या शतकात या शहरासाठी नहर काढली, डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून मोहल्ल्यामोहल्ल्यांत आणले. आज छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादला, पैठणच्या जायकवाडीतून पाणी येते आणि कित्येक मोहल्ल्यांत नळाला काही दिवसांआड येते. अशा ठिकाणी लिक्विडची धार म्हणजे दुहेरी खर्च. जितका जास्त फेस, तितके तो धुवायला जास्त पाणी. फेस जास्त म्हणजे सफाई जास्त, ही समजूतच चुकीची आहे. वुजू करतानाही पाण्याचा इसराफ नको, हे आपण मुलांना शिकवतो. मग सिंकपाशी तो का चालावा?

अम्मी बाटली थेट घासणीवर पिळूच देत नाहीत. सकाळी वाटीभर पाण्यात एक चमचा मिसळतात, दिवसभराची भांडी त्यातच होतात. रात्री वाटीत जे उरते, त्याने ओटा आणि शेगडी पुसतात. आणि ओटा पुसून झाला की ओल्या बोटाने नळीच्या जोडावर फेस लावून घटकाभर पाहत राहतात.