प्रसववेदना आणि निवडीचा प्रश्न : नेर तालुक्याच्या संदर्भात

बाळंतपणाच्या वेदना औषधाने शमवून घ्याव्यात की औषधावाचून सोसाव्यात, हा प्रश्न पाश्चात्त्य देशांत गेली पावणेदोनशे वर्षे वादाचा विषय होऊन राहिला आहे. या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही की, प्रसूत होणाऱ्या स्त्रीपुढे दोन्ही मार्ग खुले आहेत आणि तिने त्यांतून एक निवडावयाचा आहे. अमरावतीहून बडनेरा व नांदगाव खंडेश्वर मागे टाकून यवतमाळकडे जाताना लागणारे नेर, म्हणजेच नेर-परसोपंत, हे कापूस, तूर आणि सोयाबीन पिकविणाऱ्या खेड्यांचे तालुक्याचे गाव आहे. अशा ठिकाणी हे गृहीतक कितपत लागू पडते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रश्न वैद्यकाचा असला, तरी त्याचे निम्मे उत्तर समाजरचनेत दडलेले असल्यामुळे समाजशास्त्राच्या अभ्यासकाने त्याकडे पाठ फिरवू नये.

प्रथम वेदनेच्या स्वरूपाविषयी. प्रसूतीच्या पहिल्या अवस्थेत गर्भाशयाचे आकुंचन आणि गर्भाशयमुखाचे उघडणे यांमुळे जी वेदना होते, तिचे संदेश पाठीच्या खालच्या व कमरेच्या वरच्या मज्जातंतूंवाटे वर जातात. ही वेदना खोल, पसरट व बोट ठेवून दाखविता न येणारी असते. दुसऱ्या अवस्थेत मूल खाली सरकू लागले म्हणजे योनिमार्ग व त्याभोवतालचे स्नायू ताणले जातात. या वेदनेचे संदेश त्रिकास्थीलगतच्या मज्जातंतूंतून जातात, आणि ती तीक्ष्ण व निश्चित जागी जाणवणारी असते. वेदना व भीती फार वाढल्यास शरीरात असे स्राव वाढतात की, त्यांमुळे गर्भाशयाच्या आकुंचनांचा ताल बिघडू शकतो. म्हणजे वेदना ही प्रसूतीची केवळ साक्षीदार नव्हे. काही प्रसंगी ती प्रसूतीत अडथळाही आणते. मराठीत ‘कळ’ हा शब्द प्रसववेदनेला लावतात आणि ‘कळ सोसणे’ हा वाक्प्रचार धीर धरण्यालाही लावतात. वेदना आणि धीर यांसाठी भाषेने एकच शब्द पुरविला, हा योगायोग मानावयास मन तयार होत नाही. त्याच भाषेने बाळंतपण पार पडण्याला ‘सुटका होणे’ असेही म्हटले आहे, हे मात्र वेदनेचे गोडवे गाणारे सोयीस्करपणे विसरतात.

एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४७ च्या जानेवारीत प्रसूतीसाठी ईथर व त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म वापरले, तेव्हा त्यांना वैद्यकीय आक्षेपांबरोबरच बायबलमधील वचनाच्या आधारे घेतलेल्या आक्षेपांनाही उत्तर द्यावे लागले. १८५३ मध्ये जॉन स्नो यांनी राणी व्हिक्टोरियाला क्लोरोफॉर्म दिले आणि धर्माच्या नावाने होणारा विरोध बराच मावळला. आपल्याकडे परिस्थिती वेगळी होती. प्रसववेदना ही पापाची शिक्षा आहे असा सिद्धांत आपल्या परंपरेत मध्यवर्ती नव्हता. पण ती मुकाट सोसणे ही स्त्रीची शोभा मानली गेली. शिक्षेविरुद्ध बंड करता येते. शोभेविरुद्ध करणे अवघड असते. शोभा नाकारणारी बाई नाजूक, शहरी किंवा नखरेल ठरते.

या सोसण्याची व्याप्ती प्रसूतीपुरतीच नाही. विदर्भातच, गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी यांनी केलेली पाहणी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तीत तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी शेकडा ९२ जणींना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. परंतु यापूर्वी त्यासाठी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा ८ च होत्या. जेथे रोगाची वेदनाही बोलून दाखविली जात नाही, तेथे ‘स्वाभाविक’ मानलेल्या वेदनेविषयी कोणी तक्रार करील, ही अपेक्षा व्यर्थ होय. तक्रार नाही म्हणून गरज नाही, असा निष्कर्ष मात्र त्यातून काढता येत नाही.

औषधाविना प्रसूतीच्या आधुनिक पुरस्काराचे श्रेय सामान्यतः ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांना दिले जाते. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात भय, ताण आणि वेदना ही एकमेकांना वाढविणारी साखळी आहे, असे प्रतिपादन होते. त्यानंतर सोव्हिएत वैद्यांच्या पद्धतीपासून प्रेरणा घेऊन फर्नांड लमाझ यांनी १९५० नंतरच्या काळात पॅरिसमध्ये श्वसन व पूर्वशिक्षण यांवर आधारलेली पद्धत रूढ केली. भय कमी झाले म्हणजे वेदना सुसह्य होते, हा डिक-रीड यांच्या म्हणण्याचा भाग आजही टिकून आहे. पण ‘आदिम’ स्त्रियांना प्रसूतीच्या वेदना फारशा होतच नाहीत, ही वेदना सुधारणेची देणगी आहे, हा त्यातील दुसरा भाग साम्राज्यकाळातील कल्पनाविलासाच्या पलीकडे जात नाही. आपल्याकडे त्याचीच एक देशी आवृत्ती आहे. शेतात निंदणी करता करता बाळंत झालेली आणि मूल टोपलीत ठेवून पुन्हा खुरपे हाती घेतलेली बाई आपण गावोगाव कौतुकाने ऐकतो. ही गोष्ट सांगणारा बहुधा पुरुष असतो, आणि त्या बाईला रोजगार बुडविणे परवडत नव्हते हा तपशील तो गाळतो. माँट्रियल येथील रोनाल्ड मेलझॅक यांनी प्रसववेदनेचे पद्धतशीर मापन करून १९८१ च्या सुमारास दाखवून दिले की, पूर्वशिक्षणाने वेदना काहीशी कमी होते, परंतु ती नाहीशी होत नाही. शिक्षण घेतलेल्या पुष्कळ स्त्रियांनीही शेवटी औषधाची मागणी केली.

आता औषधोपचाराकडे वळू. पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या बाह्य आवरणाबाहेरील पोकळीत बारीक नळी बसवून तीतून बधिर करणारे औषध थोडे थोडे देणे, या ‘एपिड्यूरल’ नामक पद्धतीने सर्वांत परिणामकारक वेदनाशमन होते. २०१८ मध्ये ४० प्रयोगांचा, ११,००० हून अधिक स्त्रियांचा, एकत्रित आढावा कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला. एपिड्यूरलमुळे शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण वाढत नाही, असे त्यात आढळले. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याचे प्रमाण जुन्या प्रयोगांत वाढलेले दिसते, परंतु २००५ नंतरच्या प्रयोगांत ती वाढ दिसत नाही. औषधाची तीव्रता कमी केल्याचा हा परिणाम असावा. रक्तदाब उतरणे, ताप येणे, लघवी अडणे, दुसरी अवस्था लांबणे हे दोष उरतातच, आणि शंभरात एखादीला आवरणास छिद्र पडून नंतर तीव्र डोकेदुखी होते. तेव्हा ही पद्धत निर्दोष नाही. पण तिच्याविषयी घरोघरी जे भय ऐकू येते, त्याच्या मानाने पुरावा पुष्कळच सौम्य आहे.

खरी अडचण निराळी आहे. एपिड्यूरलसाठी भूलतज्ज्ञ केवळ सुई टोचण्यापुरता नव्हे, तर प्रसूती पूर्ण होईपर्यंत हाकेच्या अंतरावर लागतो. कळा रात्री-अपरात्री सुरू होतात व बारा-बारा तास चालतात. तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालयाचा सरकारी आराखडा ३० खाटांचा असतो. तेथे भूलतज्ज्ञ मिळालाच, तर त्याची पहिली धाव अडलेल्या बाईच्या शस्त्रक्रियेकडे असणार, आणि ते योग्यच आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळला, म्हणजे नेरपासून तीसेक किलोमीटरवर आहे. परंतु निव्वळ वेदनाशमनासाठी निरोगी पहिलटकरणीला कळा सुरू असताना तेथवर नेण्याचा सल्ला कोणी देणार नाही.

अफूवर्गीय इंजेक्शनांचा मार्ग दिसतो त्याहून बिकट आहे. पेथिडीन हे औषध १९४० नंतर प्रसूतिगृहांत सर्वत्र पसरले, व ब्रिटनमध्ये तर १९५० पासून सुईणींना ते स्वतःच्या अधिकारात देण्याची मुभा मिळाली. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने अशा औषधांभोवती परवान्यांचे इतके कडे उभारले की, लहान रुग्णालये त्यांच्या वाटेस जाईनाशी झाली. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फीन, फेंटानिल यांसारखी औषधे अत्यावश्यक गटात आणून हे कडे सैल केले आहे. पण सवय कायद्याहून सावकाश बदलते. शिवाय ही औषधे वारेतून मुलापर्यंत पोचतात व त्याचा श्वास मंदावू शकतो, म्हणून नवजाताला सावरणारा प्रशिक्षित हात जवळ असणे अगत्याचे ठरते. नायट्रस ऑक्साइड व प्राणवायू यांचे निम्मेनिम मिश्रण, जे स्त्रीने स्वतः मुखवटा धरून हुंगावयाचे असते, ते मायकेल टनस्टॉल यांनी १९६१ मध्ये एकाच नळकांड्यात आणले. त्याने वेदना जात नाही, बोथट होते; मळमळ व घेरी येते; पण त्यास भूलतज्ज्ञाची सतत उपस्थिती लागत नाही. अती थंडीत हे दोन वायू नळकांड्यात वेगळे होतात, असा एक सावधगिरीचा इशारा ग्रंथांत असतो. विदर्भाच्या हवेत त्याची चिंता नको.

या सर्व विवेचनाचा अर्थ असा की, नेरसारख्या ठिकाणी होणारी औषधाविना प्रसूती ही बहुतांशी निवडलेली नसते. ती वाट्यास आलेली असते. इतकेच नव्हे, तर तिला ‘नैसर्गिक’ म्हणणेही अचूक नव्हे. अनेक प्रसूतिगृहांत कळा वाढविण्यासाठी सलाइनमधून ऑक्सिटोसिन दिले जाते, स्त्रीला उताणे निजविले जाते, हिंडूफिरू दिले जात नाही, आणि आई किंवा बहीण दाराबाहेर थांबते. निसर्ग ज्यांमुळे सुसह्य होतो ती साधने काढून घ्यावयाची, वेदना वाढविणारे औषध द्यावयाचे, शमविणारे मात्र द्यावयाचे नाही, आणि या मिश्रणास निसर्ग म्हणावयाचे, हा शब्दांचा दुरुपयोग आहे.

येथे चरकसंहितेची आठवण होते. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात प्रसूतिसमयी अनेकदा बाळंत झालेल्या, स्नेहशील व धीर देणाऱ्या स्त्रियांनी आसन्नप्रसवेभोवती असावे, असे सांगितले आहे; आणि ‘आवी’, म्हणजे कळ, आलेली नसताना जोर करू नये, तो व्यर्थ जातो व अपायकारक होतो, असा उपदेश तिला करावयास सांगितले आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसच जगले. १८८६ मध्ये पेन्सिल्व्हेनियात त्यांनी आपल्या प्रबंधासाठी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच विषय घेतला. प्राचीनांना सर्व ठाऊक होते, असे म्हणण्याचा येथे मुळीच उद्देश नाही. पण सोबतीच्या बाबतीत चरकाचे म्हणणे आधुनिक कसोटीस उतरले आहे. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात, १५,००० हून अधिक स्त्रियांच्या अनुभवावरून असे दिसले की, प्रसूतीत अखंड सोबत मिळालेल्या स्त्रियांना वेदनाशामक औषधे कमी लागतात, शस्त्रक्रिया कमी होतात, व प्रसूतीही थोडी लवकर आटोपते. भारत सरकारने २०१६ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतिसोबतिणीस परवानगी दिली आणि ती शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली स्त्री असावी, असे सुचविले. या उपायास ना परवाना लागतो, ना भूलतज्ज्ञ. एक पडदा, एक बाकडे आणि परिचारिकांची संमती एवढे पुरते. यांतील तिसरी गोष्ट मिळणे सर्वांत कठीण असते.

तथापि सोबत आहे म्हणून औषध नको, असा युक्तिवाद कोणी केल्यास तो धोक्याचा होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत मालिश, शेक, श्वसन यांबरोबरच एपिड्यूरल व अफूवर्गीय औषधे यांचाही, स्त्रीची मागणी असल्यास, समावेश आहे. एक दुसऱ्याचा पर्याय म्हणून नव्हे. वेदनाशमनाचा मार्ग अजिबात बंद ठेवला तर भय दुसरी वाट शोधते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रात शेकडा ९४.७ प्रसूती रुग्णालयांत होतात, व शेकडा २५.४ शस्त्रक्रियेने. देशभरात हे दुसरे प्रमाण सरकारी रुग्णालयांत शेकडा १४.३, तर खाजगी रुग्णालयांत ४७.४ आहे. या तफावतीची कारणे अनेक आहेत, व त्यांत पैशाचे कारण लहान नाही. पण ‘कळा सोसवत नाहीत, सिझर करा’ ही विनवणीही त्यांत आहे. ज्या गावी सुईने वेदना शमविता येत नाही, तेथे सुरी हेच वेदनाशमन ठरते, आणि ते ज्याच्यापाशी पैसा आहे त्यालाच मिळते.

निवड कोणी व केव्हा करावयाची, हा भाग राहिला. कळा सुरू झाल्यावर संमती विचारणे म्हणजे न विचारण्यासारखेच आहे. २०१६ पासून प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची जी विशेष तपासणी होते, ती या चर्चेची योग्य जागा होय. मात्र आपल्या समाजाची एक रीत येथे आड येते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याचा प्रघात असल्यामुळे नेरच्या सुनेची तपासणी नेरला होते व प्रसूती दारव्ह्याला, दिग्रसला किंवा आणखी दूर होते. आणि माहेरवाशीण म्हणून नेरला आलेल्या मुलीची तपासणी भलतीकडेच झालेली असते. तिच्याबरोबर दोन्हीकडे जाते ते फक्त माता व बालसंरक्षण कार्ड. त्यावर रक्तगट, वजन, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची लस यांची नोंद असते. सोबत कोण हवे आणि कळा असह्य झाल्यास काय हवे, ही दोन वाक्ये तिच्याच शब्दांत त्या कार्डावर लिहून घेतली, तर बाळंतखोलीतील अनोळखी परिचारिकेला निदान विचारण्यास धागा मिळेल.